केसपेपर ते खाट : मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचे एक परीक्षण

मुंबई महापालिकेने २०२२ साली सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली परळ, सायन, मुंबई सेंट्रल व जुहू येथील मोठी रुग्णालये या सर्वांना एकच सेवा मानून हे परीक्षण लिहिले आहे. उपाहारगृहाचे किंवा दुकानाचे परीक्षण करताना आपण दर, स्वच्छता, वागणूक आणि मालाचा दर्जा पाहतो. येथेही ते पाहिलेच पाहिजे. पण दुकानदाराने माल दिला नाही तर आपण पुढच्या दुकानात जातो, आणि सरकारी दवाखान्याच्या दारातून परत फिरणाऱ्या माणसाला बहुधा पुढचे दुकान नसते. म्हणून या सेवेला लावलेली मुख्य कसोटी अशी आहे : येथे आलेल्या माणसाला उपचार कोणत्या नात्याने मिळतात, आणि ते नाकारले गेले तर त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो. आरोग्यसेवा हा मानवी हक्क आहे असे मी मानतो, आणि ही भूमिका लपवून निःपक्षपणाचा आव आणणे मला योग्य वाटत नाही.

या लेखनाला आधार आहे तो लालबागमधील आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्यांच्या आजारपणाचा. ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते, आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, मधुमेह जुना आहे आणि अलीकडे हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. त्यांचा मुलगा पाळीने सुरक्षा रक्षकाचे काम करतो, त्यामुळे कागदपत्रांची पिशवी घेऊन काकांसोबत जाण्याचे काम बरेचदा माझ्याकडे आले. त्या निमित्ताने या शहरात गरीब माणसाला डॉक्टरपर्यंत नेणारे जवळजवळ सगळे रस्ते पाहता आले, आणि त्यांतला प्रत्येक रस्ता माणसाकडे वेगळा पुरावा मागतो हेही लक्षात आले.

दवाखान्याच्या बाजूने बोलायचे तर मी सर्वांत आधी त्याच्या वेळेबद्दल बोलेन. महापालिकेचे जुने दवाखाने सकाळी नऊ ते दुपारी चार अशा कचेरीच्या वेळेत चालत आले आहेत. नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणारा मजूर किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई या वेळेत दवाखान्यात आली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे औषध विनामूल्य असले तरी ते घेण्याची किंमत रुग्णाने चुकवलेलीच असते. ‘आपला दवाखाना’च्या वेळा मात्र सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा अशा ठेवण्यात आल्या, काही ठिकाणी जुन्या दवाखान्याच्याच जागेत दुपारनंतरचे सत्र सुरू झाले, आणि काही ठिकाणी रस्त्याकडेच्या तयार कंटेनरमध्ये दवाखाना उभा राहिला. कंटेनर पाहून नाक मुरडणारे अनेक जण मला भेटले. मला स्वतःला संध्याकाळी आठ वाजता उघडा असलेला कंटेनर हा चार वाजता कुलूप लागणाऱ्या पक्क्या इमारतीपेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

आमचे शेजारी जातात तो दवाखाना लहान आहे. नोंदणीचे टेबल, दोन बाकडी, तपासणीची खोली आणि औषधांचे कपाट एवढाच त्याचा पसारा. तेथे रक्तदाब मोजला जातो, बोटाला सुई टोचून साखर तपासली जाते आणि गोळ्या चिठ्ठीवर न लिहिता थेट हातात दिल्या जातात. योजनेत १४७ प्रकारच्या चाचण्या विनामूल्य असल्याचे महापालिकेने जाहीर केले आहे. नमुने दवाखान्यात घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवले जातात आणि अहवाल मागाहून मिळतो. काही ठिकाणी पॉलिक्लिनिकच्या स्वरूपात कान-नाक-घसा, नेत्र, दंत अशा तज्ज्ञांचे सल्लेही मिळतात. तेथील डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत काकांना चपला काढायला लावून दोन्ही तळवे नीट पाहिले. मधुमेह्याच्या पायाची जाणीव कमी होत जाते आणि लहानशी जखम चिघळेपर्यंत त्याला कळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच डॉक्टर असे पाय पाहतो. कितीतरी महागड्या दवाखान्यांत नुसता साखरेचा आकडा पाहून गोळी वाढवली जाते. दर्जाच्या खात्यात मी या एका गोष्टीला बरेच गुण देईन.

शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी, हे तेथे कोणी विचारले नाही. घर स्वतःचे की भाड्याचे, गाव कोणते, हेही विचारले नाही. पत्ता लिहून घेतला तो पुढील तपासणीसाठी. या न विचारण्याला माझ्या लेखी फार मोल आहे आणि त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

तरीही या दवाखान्याची वीण कच्ची आहे, आणि ती कच्ची ठेवण्याचा निर्णय धोरणाच्या पातळीवर झालेला आहे. मनुष्यबळाचा मोठा भाग कंत्राटी आहे. घरोघर फिरून क्षयाचे संशयित रुग्ण शोधणाऱ्या, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या आणि लसीकरणासाठी मागे लागणाऱ्या महापालिकेच्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षे मानधनावर राबत आल्या आहेत आणि किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधीसाठी त्यांना मोर्चे काढावे लागले आहेत. ज्यांच्या हातून लोकांना हक्क पोहोचायचा त्यांचेच हक्क असे टांगणीला ठेवले, तर दवाखान्यातील चेहरे बदलत राहतात आणि जुन्या आजाराचा रुग्ण दर वेळी आपली कहाणी पहिल्यापासून सांगतो. मधुमेह, रक्तदाब, क्षय या आजारांत औषधाइतकेच सातत्य लागते.

दवाखान्याच्या पुढची पायरी म्हणजे मोठे रुग्णालय. मुंबईकरांना या रुग्णालयांची इतकी सवय झाली आहे की त्यांचा जन्म कसा झाला याचा आपल्याला विसर पडतो. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीमागे अट होती की तेथे पात्र भारतीय डॉक्टरच काम करतील, कारण सरकारी वैद्यकीय संस्थांत भारतीय डॉक्टरांना वरच्या जागा मिळत नव्हत्या. त्या देणगीतून परळला महाविद्यालय उभे राहिले आणि १९२६ साली ते व त्याला जोडलेले केईएम रुग्णालय सुरू झाले. नायर रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९२१ साली असहकाराच्या वातावरणात राष्ट्रीय महाविद्यालय म्हणून सुरू झाले. म्हणजे या दोन्ही संस्था दार बंद असलेल्यांनी उभारलेल्या आहेत, आणि आजही त्यांची दारे इतरांच्या मानाने सताड उघडी दिसतात ते मला योगायोगाचे वाटत नाही. दहा रुपयांचा केसपेपर काढला की ओडिशातून आलेला बांधकाम मजूर आणि गिरगावात चार पिढ्या राहिलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात.

त्या रांगेबद्दल मात्र गोड बोलता येणार नाही. हर्नियासाठी दवाखान्याने चिठ्ठी देऊन आम्हांला ज्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पाठवले, त्याचे नाव येथे घेत नाही. तेथे त्या चिठ्ठीला काडीचे महत्त्व नव्हते. पहाटे येऊन पुन्हा पहिल्यापासून नोंदणीची रांग, मग शल्यचिकित्सा विभागाची रांग, मग सोनोग्राफीच्या तारखेसाठी आणखी एक रांग, आणि मिळालेली तारीख इतकी लांबची की शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी बाहेर पैसे देऊन तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रिया झाली ती उत्तम झाली, याबद्दल शंका नाही. निवासी डॉक्टर रात्री उशिरा फेरी मारत होते, वॉर्डातल्या मावशींनी काकांना आपल्या वडिलांसारखे सांभाळले. पण वॉर्डात खाटा भरल्या की दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी पडते, आणि त्या गादीवर नुकत्याच पोट उघडलेल्या माणसाला झोपावे लागते. या गादीकडे पाहून माझे मत आजही दुभंगते. जागा नसतानाही कोणाला परत न पाठवणारी रुग्णालये जगात फार नसतील, आणि त्याच वेळी सव्वा कोटीच्या शहराने आपल्या नागरिकांना शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर झोपवावे ही लाजेची गोष्ट आहे. नातेवाइकांच्या मुक्कामाचा प्रश्न तर अजून दानावरच सोपवलेला आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे म्हणून बाहेरगावच्या कितीतरी कॅन्सरग्रस्तांना या शहरात डोके टेकता येते.

‘बाहेरून आणा’ हे दोन शब्द सार्वजनिक रुग्णालयात ज्याने ऐकले नाहीत असा मुंबईकर विरळा. इंजेक्शन, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवायची जाळी, टाके घालण्याचा दोरा, प्रसंगी हातमोजेसुद्धा बाहेरच्या औषध दुकानातून आणण्याची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडते. बाहेरच्या चिठ्ठीविना उपचार देण्याचे धोरण राबवण्याची घोषणा महापालिकेच्या रुग्णालयांसाठी झालेली आहे, आणि ती प्रत्यक्षात उतरली तर केसपेपरच्या दहा रुपयांपेक्षा कितीतरी मोठा भार हलका होईल. राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून पूर्णपणे विनामूल्य केले, पण महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत आली नाहीत. चिठ्ठी परवडत नसेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे जावे लागते. तेथे बसणारे समाजसेवा अधीक्षक ‘पुअर बॉक्स’ निधीतून किंवा न्यासांच्या मदतीतून पैसे उभे करतात. हे काम ते मनापासून करतात, परंतु तेथे पोहोचेपर्यंत रुग्णाला आपली गरिबी तीन-चार टेबलांवर सिद्ध करावी लागते.

येथे दहा रुपयांच्या केसपेपरची एक कायदेशीर बाजू सांगितली पाहिजे. डॉक्टर आणि रुग्णालये ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्याच निर्णयात म्हटले आहे की जेथे सर्वांना सेवा विनामूल्य दिली जाते तेथे हा कायदा लागू होत नाही, आणि केवळ नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. याचा अर्थ, खाजगी रुग्णालयात लाखभर रुपये मोजणारा रुग्ण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, पण विनामूल्य दवाखान्यात आलेल्याला तो मार्ग बंद आहे. मग त्याने कोठे जावे? या सेवेला एखाद्या दुकानासारखे तारे देता येत नाहीत ते याच कारणाने. त्याला जाब विचारण्याचा अधिकार ग्राहक म्हणून मिळणार नसेल, तर तो नागरिक म्हणून, त्याहून खरे म्हणजे माणूस म्हणून, मिळायला हवा.

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता आधी उपचार दिले पाहिजेत आणि हे बंधन सरकारी व खाजगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले. १९९६ सालचा पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या याचिकेवरील निकाल तर या विषयात मैलाचा दगड आहे. धावत्या रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला १९९२ साली कलकत्त्यातील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले, कोठे खाट नव्हती तर कोठे यंत्र नव्हते, आणि शेवटी त्याला खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले, त्या मजुराला २५,००० रुपयांची भरपाई दिली आणि पैशांची अडचण ही राज्याला सबब होऊ शकत नाही, असे बजावले. निकाल स्वच्छ आहे. पण तो आपत्कालीन प्रसंगाचा आहे. मधुमेहाची गोळी तीन महिने न मिळाल्याने कोणी रेल्वेतून पडल्यासारखा रक्तबंबाळ होत नाही, म्हणून त्याच्या हक्काचा भंग कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता पुराव्यांच्या इतर रस्त्यांकडे वळतो. आमच्या शेजाऱ्यांना तरुणपणी डॉक्टर मिळत होता तो कामगार विम्याच्या कार्डावर. १९४८ सालच्या कायद्याने आलेल्या या योजनेत कामगाराच्या पगारातून व मालकाकडून वर्गणी जमा होते आणि त्या बदल्यात कामगाराच्या कुटुंबाला उपचार मिळतात. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय गिरणगावाला त्यामुळेच जवळचे होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे ज्यांची नोकरी गेली त्यांचे कार्डही गेले. रक्तदाब, धाग्याच्या धुळीने भरलेली छाती, यंत्राच्या आवाजाने गेलेले कान, हे सारे नोकरीतून आलेले आजार मात्र त्यांच्याकडेच राहिले. काकांच्या तोंडून हे ऐकताना मला त्यात कडवटपणा आढळला नाही, निव्वळ हिशेब आढळला. नोकरीशी बांधलेला उपचार नोकरीसोबत संपतो, आणि माणूस नेमका बेकार असताना व म्हातारा झाल्यावर अधिक आजारी पडतो. आजही वेतनमर्यादा आहे महिना २१,००० रुपये, आणि रस्त्यावर विकणारे, घरकाम करणारे, नाक्यावर उभे राहणारे त्या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत.

दुसरा रस्ता विम्याच्या योजनेचा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून मुंबईसह काही जिल्ह्यांत आलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी ही योजना, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे दरवर्षी दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही सैल झाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेने घर गहाण पडण्यापासून वाचलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, त्यामुळे योजनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु तिची रचना खाटेभोवती आहे. ठरलेल्या यादीतील उपचार, नोंदणीकृत रुग्णालय, पूर्वमंजुरी, आणि कागदपत्रांत नावाचे एकही अक्षर इकडेतिकडे न होणे, इतके जुळून आले तर ती कामाला येते. काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असल्यामुळे जवळच्या खाजगी रुग्णालयात कार्ड दाखवून उपयोग होत नाही. शिवाय रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी, नुसता डॉक्टरचा सल्ला तिच्यात बसत नाही. पाय चिघळल्यावर पैसे देणारी आणि पाय चिघळू नये म्हणून काही न देणारी योजना हा हक्काचा अर्धाच भाग झाला, आणि तोही महागडा अर्धा. म्हणूनच मी रंग न विचारता गोळी हातात ठेवणाऱ्या कंटेनरमधल्या दवाखान्याला तिच्यापेक्षा वरचे स्थान देतो.

तिसरा रस्ता धर्मादायाचा आहे, आणि मुंबईत तो फार महत्त्वाचा आहे, कारण या शहरातील कितीतरी नामांकित पंचतारांकित रुग्णालये कागदोपत्री सार्वजनिक न्यास आहेत. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या आहेत, आणि त्यासाठी देयकांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची आहे. आपत्कालीन रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणेही बंधनकारक आहे. सोनोग्राफीची लांबची तारीख पाहून आम्ही उपनगरातील अशाच एका रुग्णालयात गेलो. स्वागतकक्षातील मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की त्या खाटा भरलेल्या आहेत. कधी रिकाम्या होतील, प्रतीक्षा यादी आहे का, नाव कोठे नोंदवायचे, या प्रश्नांना तितकेच नम्र उत्तर होते की समाजसेवा विभागातील मॅडम आज नाहीत. हे लेखी मिळेल का, असे विचारल्यावर तो नम्रपणा संपला. वातानुकूलित दालनात, पाण्याची बाटली हातात देऊन मिळालेला तो नकार आणि सार्वजनिक रुग्णालयातील जमिनीवरची गादी, यांपैकी मी गादीला पसंती देईन. गादीवर निदान डॉक्टर येतो.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली आरोग्याच्या हक्काचे विवरण करताना चार गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत : सेवा पुरेशी आहे का, प्रत्येकाला गाठता येते का, माणसाचा मान राखून दिली जाते का, आणि दर्जेदार आहे का. भारताने १९७९ साली त्या मूळ कराराला मान्यता दिलेली असल्यामुळे ही मोजपट्टी आपल्याला परकी नाही. तिने पाहिले तर मुंबईची सेवा दर्जात उजवी आणि पुरवठ्यात डावी ठरते. नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे ५०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. दोनशेच्या आसपास नवे दवाखाने उभे राहिल्याने ते अंतर कमी झाले, पण गोवंडी-मानखुर्दच्या रुग्णाला अवघड आजारात अजूनही सायनचाच रस्ता धरावा लागतो. मान राखण्याच्या बाबतीत महापालिकेने एक काम फार आधी आणि फार चांगले केले आहे. घरात मार खाऊन ‘पायरीवरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईला ओळखून तिला आधार देणारे ‘दिलासा’ केंद्र २००० साली ‘सेहत’ या संस्थेच्या साथीने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले, आणि असे काम रुग्णालयाच्या आत करता येते हे देशाला त्यातून दिसले.

हे सारे चांगुलपणावर चालले आहे, ही माझी खरी तक्रार आहे. पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांना मुकू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ सालच्या अहवालात, लिहून ठेवले होते. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयाचे दार थेट ठोठावता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या २०१५ सालच्या मसुद्यात आरोग्य हक्काच्या कायद्याचा प्रस्ताव होता; २०१७ च्या अंतिम धोरणातून तो वगळला गेला. राजस्थानने २०२३ साली असा कायदा केला तेव्हा खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि तडजोडीनंतर नियम तयार होण्याचे काम रेंगाळले. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खाजगी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले, आणि तक्रार ऐकण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. म्हणजे मुंबईत खाजगी रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम महापालिकेकडे आहे, आणि महापालिकेच्या स्वतःच्या दवाखान्यात औषध मिळाले नाही तर किती दिवसांत उत्तर मिळेल हे सांगणारा फलक मला कोठे आढळला नाही. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना राज्यात आरोग्य हक्काच्या कायद्याची मागणी करत आल्या आहेत, ती याच रिकाम्या जागेसाठी.

यावर नेहमीचा आक्षेप असा की सगळे फुकट दिले तर बाहेरगावचे लोक गर्दी करतील आणि करदात्या मुंबईकराला जागा उरणार नाही. बाहेरच्या रुग्णांकडून वेगळे शुल्क घ्यावे ही मागणीही अधूनमधून डोके वर काढते. बाहेरगावहून लोक येतात ते हौसेने येत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूचा शल्यचिकित्सक असता तर कोणी परळच्या पदपथावर चादर अंथरली नसती, आणि त्यांच्यावर शुल्क लावल्याने जिल्ह्यात शल्यचिकित्सक तयार होणार नाही. खर्चाचे म्हणाल, तर देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सरकारने खर्च वाढवला की लोकांचा भार उतरतो, एवढे तरी त्यातून दिसते; आणि तरीही सरकारी आरोग्यखर्च त्या वर्षी देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता, धोरणातले उद्दिष्ट २.५ टक्क्यांचे असताना.

ताऱ्यांत सांगायचे तर दवाखान्याला पाचपैकी चार आणि मोठ्या रुग्णालयांना साडेतीन, आणि उत्तरदायित्वाच्या रकान्यात दोघांनाही शून्य. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, जखमेची मलमपट्टी, लसीकरण यांसाठी आपल्या वॉर्डातील दवाखान्यातच आधी जावे, मग तुमची ऐपत कोणतीही असो. ज्या सेवेकडे बोलता येणारे, अर्ज लिहिता येणारे लोक पाठ फिरवतात तिची प्रकृती कोणी विचारत नाही. सोबत जुने केसपेपर, चालू गोळ्यांची वेष्टने आणि शिधापत्रिका ठेवावी, कारण दवाखान्यात ती लागली नाही तरी पुढच्या दारात लागेल. धर्मादाय रुग्णालयात खाट नाकारली गेली तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आम्हीही केली आहे. मात्र तेथे पहिला प्रश्न येतो तो नकाराच्या पुराव्याचा, म्हणून स्वागतकक्षातून हलण्यापूर्वी अर्जाच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का मागून घ्यावा, आणि शिक्का देत नसतील तर तोच मजकूर त्यांच्या कार्यालयाच्या ई-मेलवर तेथेच बसून पाठवावा.